सहीच्या आधीचा हिशेब

पुण्यात "मी शिरूरची" असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "अरे, मग जवळच की. घोडनदी!" मग मला सांगावं लागतं की ते शिरूर वेगळं. आमचं शिरूर अनंतपाळ, लातूर जिल्ह्यातलं. सोयाबीन आणि तुरीचा भाग. मोठा कारखाना नाही, त्यामुळे शिकलेली पोरं लातूर, पुणे, हैदराबाद अशी पांगतात. मीही पांगलेल्यांपैकीच.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचा आहे तो मेलमधून आलेला नऊ पानांचा पीडीएफ. त्यात एक रक्कम होती, खाली सहीसाठी बटण होतं आणि मुदत होती पाच दिवस. सही केली तर पैसे लवकर मिळणार होते, पण मी स्वतःहून राजीनामा दिला असं मान्य करावं लागणार होतं, आणि कंपनीवर माझा यापुढे कुठलाही दावा राहणार नव्हता. सही करावी की नाही हे ठरवण्यासाठी मी वाचायला लागले. सुरुवात कायद्यापासून केली आणि पोचले इतिहासात. गंमत म्हणजे त्या इतिहासाची सुरुवात त्या दुसऱ्या शिरूरमध्ये होते, लोक ज्याला माझं गाव समजतात त्या.

कागद जाळणारी माणसं

१८७४ च्या डिसेंबरमध्ये घोडनदीच्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात दंगल झाली आणि ती पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरली. इतिहासाच्या पुस्तकात आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून हे एका परिच्छेदात वाचलेलं असतं. त्या परिच्छेदात बऱ्याचदा निसटणारी गोष्ट अशी, की जमावाला सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या पेटीतल्या कागदांत रस होता. कर्जरोखे बाहेर काढायचे आणि जाळायचे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे मारहाण फारशी झालीच नाही.

कागदावर एवढा राग का? कारण त्या कागदांवर शेतकऱ्याचाच अंगठा होता. वाचता न येणाऱ्या माणसाने, पेरणीच्या तोंडावर, पैशाची नड असताना उठवलेला. मुद्दल किती, व्याज किती, आधी किती फेडलं, हे काहीही असलं तरी कोर्टात सावकार तो कागद पुढे करायचा आणि कोर्ट म्हणायचं, अंगठा तुझाच आहे ना? मग संपलं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात त्या काळाच्या मानाने धाडसी अशी एक तरतूद होती. न्यायाधीशाने कर्जरोख्यावरचा अंगठा बघून थांबायचं नाही, तर त्यामागे जायचं. मूळ व्यवहार कधी झाला, हातात प्रत्यक्ष किती पैसे पडले, हे सगळं उकरून हिशेब पुन्हा मांडायचा. आणि यापुढे शेतकऱ्याचा कर्जरोखा व्हायचा असेल तर तो गावातल्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जायचा. म्हणजे सहीच्या वेळी खोलीत तिसरं माणूस पाहिजे.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हा कायदा आमच्यासाठी नव्हता. पण त्यातून निघालेला प्रश्न मला पीडीएफ वाचताना सारखा आठवत राहिला. नडलेल्या माणसाने केलेली सही म्हणजे त्याची इच्छा मानायची का?

'स्वेच्छा' हा शब्द कायद्यात कसा आला

मराठवाड्यात गिरणी म्हटलं की नांदेड. निजामाच्या राजवटीत तिथे उस्मानशाही मिल उभी राहिली. नाव सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं. शेतात राबणाऱ्या माणसाला भोंग्यावर कामाला जाण्याची आणि महिन्याच्या पगाराची सवय लावणाऱ्या आमच्या भागातल्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी ती एक. १९७४ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या आजारी कापड गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, त्या यादीत ही गिरणीही होती. मग ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. लोक या महामंडळाला एनटीसी म्हणतात.

गिरणी कामगाराला काढायचं तर काय द्यायचं, याचं उत्तर १९५३ पर्यंत देशाच्या कायद्यात नीट नव्हतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये एक नवं प्रकरण घातलं गेलं. त्यात दोन शब्द वेगळे केले. 'ले-ऑफ' म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून तात्पुरतं काम देता येत नाही. कामगार नोकरीवरच आहे आणि त्याला अर्धा पगार मिळतो. आणि 'कपात' म्हणजे नोकरी कायमची संपली. आपण आज 'ले-ऑफ झालं' म्हणतो, ते भारतीय कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा कपात असतं.

कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. हे उपकार नव्हेत, हा हक्क. पण याच कपातीच्या व्याख्येत अपवादही घातले गेले. मालकाने कुठल्याही कारणाने नोकरी संपवली तर ती कपात, मात्र शिस्तभंगाची शिक्षा असेल तर नाही, आणि कामगार स्वेच्छेने निवृत्त झाला असेल तरीही नाही.

हा अपवाद तेव्हा साधा वाटला असेल. स्वतःहून जाणाऱ्याला भरपाई कशाला? पण पुढच्या पन्नास वर्षांत याच एका शब्दाभोवती अख्खी व्यवस्था उभी राहिली. माझ्या पीडीएफमध्ये पहिल्याच पानावर 'स्वेच्छेने' हा शब्द तीनदा का आला होता, ते मला इथे कळलं.

दार बंद, खिडकी उघडी

१९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, कायदा आणखी कडक झाला. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायची किंवा कारखाना बंद करायचा तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागेल असं ठरलं. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली.

त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. कामगार मात्र हळूहळू विखुरले, अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत.

आता मालकांच्या, आणि सरकारी कंपन्यांच्याही, समोर पेच होता. माणसं कमी करायचीत, पण कपातीचं दार परवानगीच्या कुलपाने बंद. मग खिडकी सापडली, ती 'स्वेच्छा'. कामगार स्वतःहून गेला तर ती कपातच नाही, आणि परवानगीही लागत नाही. फक्त त्याला स्वतःहून जावंसं वाटेल एवढे पैसे द्यायचे. १९८८ मध्ये केंद्राने सरकारी कंपन्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. १९९१ ला नवं आर्थिक धोरण आलं आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. काम गेलेल्यांना नवं कौशल्य शिकवून पुन्हा उभं करणं हाही त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा वाटण्यातच गेला. व्हीआरएस हा शब्द मराठी घरांत चहाइतका ओळखीचा झाला तो याच काळात.

रकमेचं गणित कसं असायचं ते बघा. सरकारी कंपन्यांत 'गुजरात पॅटर्न' नावाचं एक सूत्र चालायचं. झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. समजा वीस वर्षं झाली आहेत आणि पंधरा उरली आहेत. पहिल्या भागाचे ७०० दिवस, दुसऱ्याचे ३७५, एकूण १,०७५ दिवसांचा पगार. आणि सही नाही केली तर? जो कारखाना बंद करायचा ठरला आहे, तिथे मुदतीत पर्याय न निवडणाऱ्याला फक्त कायद्यातली भरपाई मिळायची. म्हणजे वर्षाला १५ दिवस, वीस वर्षांचे ३०० दिवस.

एका बाजूला १,०७५, दुसऱ्या बाजूला ३००, आणि मध्ये काही आठवड्यांची मुदत. याला स्वेच्छा म्हणायचं का हा प्रश्न कामगारालाही पडत असणार. पण घरात लग्नाची मुलगी आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज असताना तो प्रश्न घेऊन कुठे जायचं? एनटीसीच्या ताब्यातल्या ११९ गिरण्यांपैकी बहुतेक पुढे बंद झाल्या. साठ हजारांहून जास्त कामगारांनी सुधारित स्वेच्छानिवृत्ती घेतली.

त्यांनी चूक केली असं मला म्हणायचं नाही. त्या गणितात सही करणं हेच बहुतेकांसाठी शहाणपणाचं होतं. पण एक गोष्ट त्यांच्या कागदावर कुठेच नव्हती. २००५ मध्ये एनटीसीने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या आणि २,००० कोटी रुपयांहून जास्त मिळवले. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीला ७०२ कोटी आले. कामगार आपल्या पगाराचे दिवस मोजत होता आणि समोरच्याला पायाखालच्या जमिनीची किंमत दिसत होती. एकाच टेबलावर दोन वेगळे हिशेब मांडलेले होते. कुठल्याही तडजोडीच्या कागदापुढे बसताना मला हे लक्षात ठेवावंसं वाटतं. समोरचा पैसे देतोय, म्हणजे माझ्या सहीची त्याला काहीतरी किंमत आहे. ती नेमकी कशासाठी?

सहीनंतर कोर्ट काय म्हणतं

आता तुम्ही म्हणाल, आत्ता करू सही, अन्याय वाटला तर जाऊ कोर्टात. १८७९ च्या कायद्यासारखं न्यायाधीश बघेलच की सहीच्या मागे. इथे इतिहास सरळ नाही.

१९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रजनाथ गांगुली यांच्या खटल्यात एक मोठं तत्त्व मांडलं. गांगुली कोलकात्यातल्या एका सरकारी जलवाहतूक कंपनीत अधिकारी होते. त्यांच्या सेवाशर्तींत एक कलम होतं, तीन महिन्यांची नोटीस दिली की कारण न सांगता नोकरी संपवता येईल. न्यायालय म्हणालं, एक बाजू इतकी बलवान आणि दुसरी इतकी दुबळी असेल की तिला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून पर्याय नाही, तर त्या करारातलं अन्यायकारक कलम बांधील राहत नाही. हे वाचून माझ्या अंगात बळ आलं.

पण पुढचे दोन निकाल वाचून ते निम्मं झालं. २००० च्या सुमारास सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली. झालेल्या दर वर्षाला ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी असेल ते. देशभरात सुमारे एक लाख लोकांनी ती घेतली. अर्ज देऊन नंतर मन बदललेले काही जण कोर्टात गेले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा शेवटी करार आहे. बँकेने अर्ज मंजूर करण्याआधी तो मागे घेता येतो. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे स्वीकारले, त्यांना परत फिरता येणार नाही.

मग २००३ चा ए. के. बिंदल निकाल. खत कारखान्यांतल्या कर्मचाऱ्यांचा पगारवाढीचा जुना दावा होता. न्यायालयाने सांगितलं की स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन जो गेला, त्याचं मालकाशी नातं पूर्ण तुटलं. ती रक्कम कुठलं काम केल्याचा मोबदला नसून सगळे हक्क सोडून निघून जाण्याचा मोबदला आहे. पैसे खिशात आणि जुना दावाही जिवंत, असं चालणार नाही.

जबरदस्तीने राजीनामा लिहून घेतला हे सिद्ध झालं तर कोर्ट आजही दाद देतं. पण सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर असतं, आणि बंद खोलीतल्या बैठकीचा पुरावा कोण ठेवतो? म्हणजे सहीच्या मागे जाण्याची वाट आहे, फक्त ती अरुंद आहे आणि पैसे घेतल्यावर आणखी अरुंद होते.

अमेरिकेत यावर वेगळ्या बाजूने विचार झाला. तिथे १९९० मध्ये एक कायदा आला. चाळीस किंवा जास्त वयाच्या माणसाकडून वयाच्या भेदभावाबद्दलचा दावा सोडून देण्याची सही घ्यायची असेल तर त्याला विचार करायला किमान २१ दिवस द्यायचे, बरेच लोक एकदम काढले असतील तर ४५ दिवस. आणि सही केल्यावरही सात दिवस ती मागे घ्यायची मुभा. लुईझियानातल्या एका वीज केंद्रात काम करणाऱ्या डोलोरेस उब्रे यांना १४ दिवसच दिले गेले आणि सात दिवसांची मुभा दिलीच नाही. त्यांनी सही केली, सहा हजार डॉलरच्या आसपास रक्कमही घेतली आणि मग दावा लावला. १९९८ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पैसे ठेवले असले तरी तुमचा दावा जिवंत आहे, कारण सही घेण्याची पद्धत कायद्याप्रमाणे नव्हती.

तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांची गोष्ट मात्र आणखी गुंतागुंतीची. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवी नोकरी किंवा दुसरी सोय बघावी लागते. कागद वाचायला वेळ आहे, पण देशात राहायला नाही. नड प्रत्येकाची वेगळी, घाई मात्र सगळीकडे सारखीच.

माझे पाच दिवस

तर आता माझा हिशेब. पाच वर्षं चार महिने नोकरी. हातात महिना ८० हजार, त्यातला मूळ पगार ४० हजार. पीडीएफमधली एकरकमी ऑफर ४ लाख ६० हजार. आकडा बघून पहिल्यांदा बरं वाटलं. पावणेसहा महिन्यांचा पगार!

त्या रात्री बाबांना फोन केला. त्यांनी रकमेचं काही विचारलं नाही. आयुष्यभर बँकेच्या, सोसायटीच्या, आडतीच्या कागदांवर सह्या केलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "माय, एवढी घाई कामून करायलेत ते?"

मी वहीवर दोन रकाने केले. एकात जे आधीच माझं आहे ते, दुसऱ्यात जे फक्त सहीसाठी मिळतंय ते. नेमणूकपत्रात दोन महिन्यांची नोटीस होती, म्हणजे १ लाख ६० हजार. चालू महिन्याच्या १२ दिवसांचा पगार, ३२ हजार. शिल्लक रजा २४ दिवस, कंपनीच्या नियमाप्रमाणे मूळ पगारावर, ३२ हजार. आणि ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं झाली की ती हक्काची होते. शेवटचा मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझे झाले १ लाख १५ हजार ३८५. कराराने ती कमी करता येत नाही किंवा सोडूनही देता येत नाही. तो कायदा करारापेक्षा वरचढ आहे.

बेरीज ३ लाख ३९ हजार ३८५. म्हणजे सही करो न करो, हे माझंच होतं. माझ्या सहीची खरी किंमत उरली १ लाख २० हजार ६१५. दीड महिन्याचा पगार.

आणि ही नोकरी 'स्वेच्छेने' न संपता 'कपात' म्हणून संपली असती तर? वर्षाला १५ दिवसांप्रमाणे भरपाई, पगार कसा धरला यावर अवलंबून, लाख ते दोन लाखांच्या घरात गेली असती. अर्थात मी कायद्याच्या भाषेत 'कामगार' ठरले असते तर. आयटीत सगळ्यांची पदं 'लीड' आणि 'मॅनेजर' असतात, पण कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. माझ्या हाताखाली कुणी नव्हतं. मी कोड लिहायचे.

दुसऱ्या दिवशी मी वकील बाईंकडे गेले. जिल्हा आणि तालुका पातळीवर विधी सेवेची कार्यालयं असतात, आणि १९८७ च्या कायद्यानुसार बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळू शकते, हेही मला तेव्हाच समजलं. वकील बाईंनी एकच सल्ला दिला. सगळं मेलवर बोल, फोनवर नको.

मी मेल लिहिला. भांडणाचा सूर नव्हता. चार गोष्टी मागितल्या. रकमेची फोड करून द्या. विचाराला पंधरा दिवस द्या. 'स्वेच्छेने राजीनामा' याऐवजी 'कंपनीने पद रद्द केल्यामुळे' असं लिहा. आणि पुढचं एक वर्ष त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत काम न करण्याचं कलम काढा. हे शेवटचं कलम १८७२ च्या करार कायद्यापुढे नोकरी संपल्यावर टिकत नाही, पण नव्या कंपनीचा एचआर ते वाचून घाबरू शकतो.

उत्तर तीन दिवसांनी आलं. मुदत दहा दिवसांनी वाढली. फोड मिळाली. ते कलम गेलं. एक महिन्याचा पगार वाढला. 'स्वेच्छेने' हा शब्द मात्र त्यांनी सोडला नाही. सोडणार नव्हतेच, सत्तर वर्षांच्या कायद्यात त्या शब्दाची किंमत काय आहे हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

मी सही केली. शब्द मला आजही खटकतो. पण खटला लढवायला लागणारी वर्षं आणि हातातले अडीच महिन्यांचे जास्तीचे पैसे शेजारी ठेवून मी निर्णय घेतला. माझ्यासोबत गेलेल्या एका मैत्रिणीने सही केली नाही. तिची नोकरी अकरा वर्षांची होती, तिच्या दुसऱ्या रकान्यातला आकडा तिच्या हक्काच्या भरपाईपेक्षा खूप कमी होता. तिने तक्रार केली आहे. आम्हा दोघींचं गणित वेगळं होतं, म्हणून उत्तरही वेगळं आलं.

आज कागद हातात आला तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कपातीची भरपाई वर्षाला १५ दिवस हीच राहिली. परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० कामगारांवर गेली. कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी मालकाकडून शेवटच्या १५ दिवसांच्या पगाराइतकी जास्तीची रक्कम मिळायची तरतूद आली. नोकरी सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते. पण 'स्वेच्छेने' गेलेला माणूस आजही कपातीच्या व्याख्येबाहेरच आहे.

म्हणून तुमच्या मोबाइलवर असा पीडीएफ येईल तेव्हा आधी रकमेची फोड मागा. ग्रॅच्युइटी, पीएफ, नोटीस, रजा हे वजा केल्यावर जे उरतं, तेवढीच ऑफर समजा. "सही केली नाही तर ग्रॅच्युइटीही अडकेल" असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी येत नाही. तुमचे कुठले दावे तुम्ही सोडताय ते वाचा, थकलेला बोनस आणि चालू तक्रारसुद्धा. अनुभवपत्र आणि रिलिव्हिंग लेटर कधी मिळेल, त्यात काय लिहिलेलं असेल, हे करारातच येऊ द्या. ऑफिसचा लॅपटॉप परत करायच्या आधी पगाराच्या चिठ्ठ्या आणि नेमणूकपत्र स्वतःच्या मेलवर असू द्या.

आणि एका तरी तिसऱ्या माणसाला कागद दाखवा. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या कर्जरोख्यासाठी गावात नोंदणी अधिकारी बसवला होता. आपल्या पीडीएफसाठी कुणी बसवलेला नाही. तो आपल्याला स्वतःच शोधावा लागतो, आणि तोही बटण दाबायच्या आधी.